बिनपरवान्याचे करदाते

एखाद्या देशांत राहण्याचा परवाना ज्याच्यापाशीं नाहीं, तो त्या देशाच्या खजिन्यांत कर भरीत असेल, असें प्रथमदर्शनीं कोणासहि वाटत नाहीं. ज्याचें नांव सरकारच्या दप्तरांत नाहीं, त्याच्याकडून सरकारला पैसा मिळेल कसा, असा सरळ प्रश्न मनांत उभा राहतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा प्रश्न कित्येक वर्षें वादाचा विषय होऊन बसला आहे. एक पक्ष म्हणतो, हे लोक फुकट शाळा व फुकट इस्पितळें वापरतात आणि त्यांचें ओझें प्रामाणिक करदात्यांच्या खांद्यावर पडतें. दुसरा पक्ष म्हणतो, हे लोक राबतात, कर भरतात, आणि भरलेल्या कराचा मोबदला मात्र त्यांच्या पदरीं पडत नाहीं. दोन्ही पक्ष आवेशानें बोलतात. आणि आवेशांत हिशेब बाजूस राहतो. म्हणून आवेश क्षणभर दूर ठेवून, तेथील घटक राज्यांच्या जमाखर्चाच्या वह्या काय सांगतात, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

हे लोक कोण, हें आधीं स्पष्ट झालें पाहिजे. कांहीं जण मेक्सिकोची सरहद्द चोरून ओलांडून आलेले असतात. परंतु पुष्कळ जण रीतसर परवाना घेऊन विमानानें उतरलेले, आणि मुदत संपल्यावर परत न गेलेले असतात. २०२२ सालीं त्यांची संख्या सुमारें १ कोटी १० लक्ष होती, असा सरकारी व खासगी अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यानंतर ती आणखी वाढली. ते शेतांत पिकें काढतात, घरें बांधतात, उपाहारगृहांत भांडीं घासतात, परक्यांचीं मुलें व म्हातारीं माणसें सांभाळतात. पिकें काढणाऱ्या शेतमजुरांत तर दहांपैकीं सुमारें चार जण बिनपरवाना असतात, असें तेथील मजूरखात्याच्या पाहणींत आढळलें आहे. अमेरिकेंतील सुखवस्तु घरच्या जेवणाच्या टेबलावरील फळभाजीस असा एखादा हात बहुधा लागलेला असतोच.

आतां करांकडे वळावें. कर कांहीं माणसाच्या नांवावर बसतात, तर कांहीं वस्तूच्या विक्रीवर. टेक्सास राज्याचें उदाहरण घ्यावें. तेथें व्यक्तीच्या प्राप्तीवर राज्याचा कर मुळींच नाहीं. विक्रीकर मात्र शेंकडा सव्वासहा असून, त्यावर शहरें व इतर स्थानिक संस्था आणखी शेंकडा दोनपर्यंत कर बसवूं शकतात. स्वयंपाकाचा बहुतेक शिधा वगळला, तर बूट, सदरा, हातोडा, रंगाचा डबा अशा प्रत्येक वस्तूवर हा कर द्यावा लागतो. दुकानदार गिऱ्हाइकाला परवाना विचारीत नाहीं, आणि गिऱ्हाइकाला कर चुकवितां येत नाहीं. मोटारींत पेट्रोल घातलें, कीं त्याच्या किंमतींत कर आहेच.

दुसरा कर घरपट्टीचा. अमेरिकेंत गांवोगांवच्या शाळा बऱ्याच अंशीं घरांवरील व जमिनींवरील करावर चालतात. ज्याचें स्वतःचें घर आहे, तो हा कर स्वतः भरतो. भाडेकरू तो प्रत्यक्ष भरीत नाहीं. परंतु घरमालक भाडें ठरवितांना आपल्यावरील कराचा भार हिशेबांत धरतोच. म्हणून दोन खोल्यांत दाटीवाटीनें राहणारें मजुराचें कुटुंब दरमहाच्या भाड्यांतून शेजारच्या शाळेच्या खर्चाला हातभार लावीत असतें. मग त्या कुटुंबाला तें ठाऊक असो वा नसो.

तिसरा मार्ग मजुरीचा, आणि तो सर्वांत विलक्षण आहे. १९८६ सालीं अमेरिकेच्या कायदेमंडळानें एक कायदा केला. त्या कायद्यानें सुमारें २७ लक्ष बिनपरवाना रहिवाशांना रीतसर वास्तव्याचा हक्क मिळाला. परंतु त्याचबरोबर परवाना नसलेल्या माणसास जाणूनबुजून कामावर ठेवणें हा मालकाचा गुन्हा ठरला, आणि प्रत्येक नव्या नोकराचीं कागदपत्रें पाहण्याचें बंधन मालकावर आलें. परिणाम असा झाला कीं, ज्यांना काम हवें होतें त्यांपैकीं अनेकांनीं खोटीं कागदपत्रें पैदा केलीं. कागद खोटा, त्यावरचा सामाजिक सुरक्षेचा क्रमांक खोटा किंवा दुसऱ्या कोणाचा. परंतु त्या क्रमांकावर पगारांतून कापला जाणारा पैसा मात्र खरा! पगाराच्या शेंकडा ६.२ इतकी रक्कम वार्धक्यवेतनाच्या निधीसाठीं, शेंकडा १.४५ वृद्धांच्या वैद्यकीय मदतीसाठीं, आणि तितकीच भर मालकाची, असा हा हिशेब आहे. खोटा क्रमांक वापरणें हा गुन्हा आहे, आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणा खऱ्या माणसाचा असल्यास त्याला त्याचा उपद्रवहि होतो. हें लपविण्याचें कारण नाहीं. परंतु गुन्हा घडला म्हणून करच भरला गेला नाहीं, असें म्हणतां येत नाहीं.

ज्या पगाराच्या नोंदींत नांव व क्रमांक यांचा मेळ बसत नाहीं, ती नोंद सामाजिक सुरक्षा खातें एका निराळ्या वहींत टाकून ठेवतें. पैसा निधींत जमा होतो. त्यावर हक्क सांगण्यास मात्र बहुधा कोणी येत नाहीं. त्या खात्याच्या मुख्य विमागणितज्ञांनीं २०१३ सालीं एक टिपण प्रसिद्ध केलें. त्यांतील अंदाजाप्रमाणें, एकट्या २०१० सालीं बिनपरवाना कामगारांच्या मजुरीवर या निधीस जें मिळालें, तें त्यांच्यावर झालेल्या खर्चाहून सुमारें १२ अब्ज डॉलरांनीं अधिक होतें. तरुण कामगार परदेशांत राबून दुसऱ्यांच्या म्हातारपणाची तरतूद करतो, आणि स्वतःच्या म्हातारपणीं त्या निधीच्या दारांत उभा राहूं शकत नाहीं, असा याचा अर्थ आहे.

कांहीं जण उघडपणेंहि प्राप्तिकर भरतात. ज्यांना सामाजिक सुरक्षेचा क्रमांक मिळूं शकत नाहीं, अशांसाठीं तेथील प्राप्तिकर खात्यानें १९९६ सालीं एक नऊ आंकडी क्रमांक सुरू केला. या क्रमांकानें राहण्याचा किंवा काम करण्याचा हक्क मिळत नाहीं. केवळ कर भरतां येतो. असें असतां हे लोक आपण होऊन कर कां भरतात? पहिलें कारण, कायद्याप्रमाणें तो देणें प्राप्तच आहे. दुसरें कारण आशेचें. उद्यां कायदा बदलला, तर आपण वर्षानुवर्षें प्रामाणिकपणें कर भरला, हें दाखवावयास हातीं पावत्या असाव्यात, असा त्यांचा विचार असतो. ही आशा अगदींच निराधार नव्हती. २०१३ च्या जून महिन्यांत अमेरिकेच्या वरिष्ठ सभागृहानें ६८ विरुद्ध ३२ मतांनीं जें विधेयक संमत केलें, त्यांत थकलेला कर चुकता करणें ही वास्तव्य कायम होण्याची एक अट होती. कनिष्ठ सभागृहानें तें विधेयक विचारासच घेतलें नाहीं, आणि पावत्या पेटींतच राहिल्या.

या चित्राची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. रोखीनें मजुरी घेणारे कामगारहि पुष्कळ आहेत. त्यांची मजुरी कोणत्याच वहींत चढत नाहीं आणि तिच्यावरील कर बुडतो. मात्र तो बुडविण्यांत मजुराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, मालकाचा लाभ असतो. कारण आपल्या वांट्याची रक्कमहि तो वांचवितो.

सर्व मार्गांनीं मिळून एकूण रक्कम किती होते? वॉशिंग्टन येथील करविषयक अभ्यास करणाऱ्या एका संस्थेनें, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी हिनें, २०२४ सालीं यासंबंधीं अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील अंदाजानुसार बिनपरवाना रहिवाशांनीं २०२२ सालीं ९६ अब्ज ७० कोटी डॉलर कर भरला. त्यांपैकीं ५९ अब्ज ४० कोटी मध्यवर्ती सरकारकडे गेले आणि ३७ अब्ज ३० कोटी राज्यांकडे व स्थानिक संस्थांकडे. कॅलिफोर्नियास ८ अब्ज ५० कोटी, टेक्सासला ४ अब्ज ९० कोटी आणि न्यूयॉर्कला ३ अब्ज १० कोटी मिळाले. फ्लॉरिडा, इलिनॉय व न्यू जर्सी यांचें उत्पन्नहि प्रत्येकीं एक अब्जावर होतें. राज्यांना मिळालेल्या या पैशांत सर्वांत मोठा वांटा विक्रीकराचा व तत्सम करांचा होता. त्याच अहवालांत आणखी एक गोष्ट नमूद आहे. पन्नासांपैकीं चाळीस राज्यांत या लोकांनीं आपल्या उत्पन्नाचा जितका भाग राज्याच्या व स्थानिक करांत दिला, तितका भाग त्याच राज्यांतील शेंकडा एक अतिश्रीमंत कुटुंबांनीं दिला नाहीं. यांत नवल कांहींच नाहीं. गरिबाची सारी कमाई दुकानांत व भाड्यांत जाते, म्हणून तिच्या बहुतेक भागास कर लागतो. श्रीमंताची पुष्कळशी कमाई शिलकींत राहते, आणि शिलकीवर विक्रीकर बसत नाहीं.

तेव्हां हे लोक राज्यांना कर देतात काय, या प्रश्नाचें उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. परंतु जमेची बाजू पाहून वही मिटणारा हिशेबनीस कच्चा समजला जातो. खर्चाची बाजूहि पाहिली पाहिजे. आणि त्या बाजूस सर्वांत मोठी रक्कम शाळांची आहे.

या बाबतींत टेक्सासमधील टायलर गांवची हकीकत चिरस्मरणीय आहे. १९७५ सालीं टेक्सासच्या कायदेमंडळानें असें ठरविलें कीं, ज्या मुलांचा देशांतील प्रवेश कायदेशीर नाहीं, त्यांच्या शिक्षणासाठीं राज्याच्या तिजोरींतून पैसा मिळणार नाहीं. शाळांनीं त्यांना हवें तर प्रवेशहि नाकारावा. १९७७ सालीं टायलरच्या शाळामंडळानें अशा प्रत्येक मुलावर वर्षास १,००० डॉलर फी बसविली. गुलाबाच्या बागांत व कारखान्यांत राबणाऱ्या आईबापांना ती देणें शक्य नव्हतें. मुलें घरीं बसलीं. तेव्हां कांहीं मेक्सिकन कुटुंबें आपलें नांव गुप्त ठेवून न्यायालयांत गेलीं. लोकांची नजर टळावी म्हणून न्यायाधीशांनीं सुनावणी भल्या पहांटे ठेविली. त्या दिवशीं तीं कुटुंबें न्यायालयांत आलीं, तीं आपला संसार मोटारींत भरूनच. तेथूनच देशाबाहेर जावें लागलें तर तयारी असावी म्हणून! मुलांच्या शाळेसाठीं आईबापांनीं घरदार पणास लावल्याचें याहून स्पष्ट उदाहरण शोधावयास नको.

हा खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. राज्याच्या वतीनें मांडलेली मुख्य सबब पैशाची होती: आपली तिजोरी मर्यादित आहे, ती कायदेशीर रहिवाशांसाठीं राखली पाहिजे. १५ जून १९८२ रोजीं पांच विरुद्ध चार मतांनीं निकाल मुलांच्या बाजूनें लागला. न्यायमूर्ति ब्रेनन यांनीं बहुमताच्या निकालपत्रांत दोन मुद्दे मांडले. राज्यघटना कायद्याच्या समान संरक्षणाची हमी केवळ नागरिकास नव्हे, तर राज्याच्या हद्दींतील प्रत्येक व्यक्तीस देते. आणि आईबापांच्या अपराधाचें प्रायश्चित्त मुलांना देणें न्यायाचें नाहीं. पैशाच्या सबबीसंबंधीं त्यांनीं म्हटलें कीं, हे लोक राज्याच्या आर्थिक जीवनावर मोठा भार टाकतात असा पुरावा पुढें आलेला नाहीं. उलट ते सार्वजनिक सोयींचा उपयोग कमी करतात, आणि आपले श्रम व कर राज्यास देतात, असेंच उपलब्ध पुराव्यावरून दिसतें. मतभेद नोंदविणारे मुख्य न्यायमूर्ति बर्गर यांनींहि मुलांना शिक्षणापासून वंचित ठेवणें शहाणपणाचें मानलें नाहीं. परंतु हा प्रश्न कायदेमंडळानें सोडवावयाचा, न्यायालयानें नव्हे, असें त्यांचें म्हणणें होतें.

चोवीस वर्षांनंतर त्याच टेक्सासनें आपला हिशेब स्वतःच मांडून पाहिला. राज्याच्या मुख्य हिशेबनीस कॅरोल कीटन स्ट्रेहॉर्न यांनीं २००६ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत २००५ सालीं राज्यांत १४ लक्ष बिनपरवाना रहिवासी असल्याचें धरलें होतें. त्यांच्याकडून राज्याच्या तिजोरीस १ अब्ज ५८ कोटी डॉलर मिळाले आणि त्यांच्यावर राज्याचे १ अब्ज १६ कोटी खर्च झाले; म्हणजे सुमारें ४२ कोटींची शिल्लक राहिली. ते सारे एकाएकीं निघून गेले, तर राज्यांतील एकूण उत्पादनास १७ अब्ज ७० कोटींची खोट बसेल, असाहि अंदाज त्यांत होता. परंतु तोच अहवाल पुढें सांगतो कीं, जिल्ह्यांतील इस्पितळें व पोलिस यांच्यावरील १ अब्ज ४४ कोटींचा भार स्थानिक संस्थांना सोसावा लागला, आणि त्याची भरपाई त्यांना झाली नाहीं.

येथेंच सर्व वादाचें मर्म आहे. राजानें कर घ्यावा तो सूर्यानें पाणी शोषावें तसा. पुन्हा पावसाच्या रूपानें परत देण्यासाठीं, ही उपमा आपल्याकडे फार जुनी आहे. अमेरिकेंत पाणी एका ठिकाणचें शोषलें जातें आणि पाऊस दुसरीकडे पडतो. मजुराच्या पगारांतील मोठी कपात वॉशिंग्टनला जाते. त्याच्या मुलाची शाळा व आजारपणाचें इस्पितळ मात्र गांवाला चालवावें लागतें. १९८२ च्या निकालानें शाळेचें दार बंद करतां येत नाहीं, आणि १९८६ च्या एका कायद्यानें अत्यवस्थ रोग्यास इस्पितळाच्या दारांतून परत लावतां येत नाहीं. मध्यवर्ती सरकारच्या बहुतेक मदतीस १९९६ च्या कायद्याप्रमाणें हे लोक पात्र नाहींत. म्हणजे जमा बव्हंशीं वरच्या सरकारची व खर्च खालच्या सरकारचा.

काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाचे आंकडे हेंच दाखवितात. कोणत्याहि पक्षाची बाजू न घेणाऱ्या या कार्यालयानें २००७ सालीं असा निष्कर्ष काढला कीं, बिनपरवाना रहिवाशांनीं दिलेला कर राज्यांचा व गांवांचा त्यांच्यावरील खर्च पुरता भरून काढीत नाहीं. मात्र तूट एकंदर अंदाजपत्रकाच्या मानानें थोडी असते. २०२१ नंतर सरहद्दीवरून आलेल्या मोठ्या लोंढ्याचा हिशेब त्यानें पुन्हा केला. त्याप्रमाणें एकट्या २०२३ सालीं राज्यांचें व स्थानिक संस्थांचें उत्पन्न १० अब्ज १० कोटींनीं वाढलें आणि खर्च १९ अब्ज ३० कोटींनीं वाढला. शाळा, तात्पुरते निवारे व सरहद्दीवरील बंदोबस्त यांचा हा खर्च होता. याच लोंढ्यामुळें मध्यवर्ती सरकारची तूट मात्र २०२४ ते २०३४ या काळांत सुमारें ९०० अब्ज डॉलरांनीं कमी होईल, असें त्याच कार्यालयाचें २०२४ मधील अनुमान होतें. एकाच माणसामुळें एका तिजोरीस नफा व दुसरीस तोटा! तोटा सोसणारा नगराध्यक्ष ओरडतो तें खोटें नाहीं. परंतु त्याचें गाऱ्हाणें न्यायतः वॉशिंग्टनच्या दारीं गेलें पाहिजे, मजुराच्या दारीं नव्हे.

शाळेच्या खर्चाविषयीं आणखी एक विचार आवश्यक आहे. ज्या वर्षीं मूल शाळेंत बसतें, त्या वर्षींच्या वहींत तें केवळ खर्च म्हणून दिसतें. आणि ही गोष्ट बिनपरवाना कुटुंबाच्या मुलाप्रमाणेंच नगराध्यक्षाच्या मुलासहि लागू आहे. २०१६ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींनीं सर्व प्रकारच्या स्थलांतरितांचा, परवानाधारकांचाहि, विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या पिढीचा राज्यांना तोटा होतो, आणि त्याचें मुख्य कारण मुलांचें शिक्षण आहे, असें त्यांत आढळलें. परंतु तींच मुलें मोठीं झालीं कीं त्यांची गणना देशांतील सर्वांत अधिक कर देणाऱ्यांत होते, असेंहि आढळलें. आंब्याचें रोप लावणाऱ्यानें पहिल्याच वर्षीं जमाखर्च मांडून तोटा दाखवावा, तसा एका वर्षाचा हिशेब अपुरा ठरतो.

शेवटीं एक व्यावहारिक गोष्ट. कर हा भीतीपेक्षां विश्वासावर अधिक गोळा होतो. करदात्यानें दिलेली माहिती गुप्त राहील, अशी हमी अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यानें दिलेली होती, आणि त्या हमीवर विसंबून हे लोक आपलें खरें नांव व पत्ता प्राप्तिकर खात्यास कळवीत आले. २०२५ च्या एप्रिल महिन्यांत कोषखातें व गृहसुरक्षा खातें यांच्यांत करार होऊन, हद्दपारीचा हुकूम झालेल्यांचे पत्ते मिळविण्याची वाट मोकळी करण्यांत आली. प्राप्तिकर खात्याच्या तत्कालीन प्रमुखांनीं पद सोडलें आणि वाद न्यायालयांत गेला. कराराच्या योग्यायोग्यतेविषयीं मतें भिन्न असूं शकतील. परंतु प्रामाणिकपणें कर भरणारा त्यामुळें पकडला जाऊं लागला आणि रोखीनें मजुरी घेऊन कर बुडविणारा सुरक्षित राहिला, तर पुढच्या वर्षीं खजिन्यांत भर पडेल कीं खळ पडेल, हें सांगावयास अर्थशास्त्रज्ञ नको. याउलट, या लोकांना काम करण्याचा परवाना मिळाल्यास वर्षास ४० अब्ज २० कोटी डॉलर कर अधिक मिळेल, असा अंदाज २०२४ च्या पूर्वोक्त अहवालांत आहे. कारण उघड काम करणाऱ्यास मजुरी अधिक मिळते आणि ती सारी वहींत चढते.

सारांश, येथें दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत मिसळूं नयेत. या लोकांना देशांत राहूं द्यावें कीं नाहीं, हा पहिला प्रश्न. तो त्या देशाच्या कायद्याचा व लोकमताचा आहे. आपली सरहद्द राखण्याचा अधिकार कोणत्याहि राष्ट्रास आहेच. ते कर देतात कीं नाहीं, हा दुसरा प्रश्न, आणि तो केवळ गणिताचा आहे. ते कांहींच देत नाहींत, असें म्हणणारा गणितांत चुकतो. त्यांच्यावर कांहींच खर्च होत नाहीं, असें म्हणणाराहि चुकतो. ज्याला त्यांना घालवावयाचें असेल, त्यानें घालवितांना किती उत्पन्न जाईल हें सांगावें. ज्याला त्यांना ठेवावयाचें असेल, त्यानें गांवच्या शाळेचा व इस्पितळाचा खर्च वरच्या सरकारनें कसा भरून द्यावा हें सांगावें. टायलर गांवीं त्या पहांटे संसार मोटारींत भरून जे आईबाप न्यायालयापुढें उभे होते, ते दरमहाच्या भाड्यांतून त्याच शाळेची पट्टी भरीत होते. हजार डॉलर फी मागणाऱ्या शाळामंडळानें आधीं ती जमेची नोंद पाहावयास हवी होती.